शेरा : कठडा नवा, अडीच फूट

रंगनाथराव,

वही नीट ठेवलीत, दोर गुंडाळून ठेवलात, आणि ऐन कामाच्या वेळी निघून गेलात. याला मी काय म्हणू? चैत्र अमावास्या पंधरा दिवसांवर आली आहे. परवा आपल्या अध्यक्षानं, देवव्रतनं, मला फाटकाशी गाठलं. "काकू, यंदा विहीर कोण मोजणार?" म्हटलं, "मी." त्यानं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि मला फाटक उघडून धरलं. तेवढी रीत आहे त्याला.

तुम्हाला पत्र लिहून उपयोग नाही, हे कळतं मला. पण तुमच्यावर ओरडायची सवय लागली होती, ती काही तुमच्याबरोबर गेली नाही. आणि हे इतरही वाचतील, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंच मधूनमधून सांगावं लागणार आहे. निमूट ऐकून घ्या. मध्येच "नाय ताई, तसं नव्हतं" नको.

तर आमची कॉलनी नाशिक रोडला, जेल रोडच्या आतल्या अंगाला. चौऱ्याऐंशी घरं. निम्मे लोक नोटांच्या प्रेसमधून निवृत्त, निम्मे रेल्वेतून, आणि आता त्यांची मुलं. पूर्वी इथे मळा होता. मळा गेला, त्याची दगडी विहीर मात्र कॉलनीच्या मधोमध राहिली. विहिरीशेजारचं बारा नंबरचं घर रंगनाथ बोराड्यांचं. गाव दिंडोरीकडचं, भावाची द्राक्षबाग. हे एकोणिसाव्या वर्षी बाग भावावर सोडून स्टेशनात पंपावर लागले. का, असं मी एकदा विचारलं होतं. "द्राक्षाला औषध मारायचं म्हंजे नाकातोंडात जातं. पाणी बरं. पाण्याला वास नाय." झालं, एवढंच कारण.

चौतीस वर्षं यांनी टाकी भरली. गाडी लागली की डब्यांत पाणी गेलं पाहिजे, त्यासाठी टाकीत ते असलं पाहिजे, म्हणून दर दोन तासांनी पातळी बघायची आणि रजिस्टरात लिहायची. आकडा खोडला तर मेमो. चौतीस वर्षांत एकही खाडाखोड नाही, हे तुम्ही मला चाळीस वेळा तरी सांगितलं असेल. चाळीस हा आकडा मी अंदाजानं लिहिते आहे. तुम्ही असता तर तेही चाललं नसतं.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात कॉलनीच्या तिन्ही बोअरवेल आटल्या. टँकरपुढे प्रेसचे निवृत्त अधिकारी बादल्या घेऊन भांडले, तेव्हा सगळ्यांना एकदम पर्यावरण आठवलं. आम्ही पाच वर्षांची योजना केली. नाल्याकाठी दोनशे झाडं, ओल्या कचऱ्याचे सहा खतखड्डे, आणि गच्च्यांवरचं पावसाचं पाणी पाइपांनी आणून विहिरीभोवती जिरवायचं. सचिव मी. शेवटचं कलमही माझंच : पाच वर्षांनी आढावा घ्यावा आणि ज्या कामाचा परिणाम दिसला नाही ते काम योजनेतून वगळावं. मला त्या कलमाचा फार अभिमान होता. सरकारी योजना नुसत्या लांबत जातात, आपण तसं करायचं नाही, वगैरे.

विहीर तुम्ही मागून घेतलीत. दर अमावास्येला सकाळी सात वाजता पाणी किती खोल आहे ते मोजायचं. अमावास्याच का? "सगुणा नारळ फोडती त्या दिशी, मंग इसरत नाय." सगुणाबाई म्हणजे तुमची बायको, जिनं त्या दोराला आयुष्यभर नावं ठेवली. सुती दोर, दर फुटाला गाठ, दर पाच फुटांना लाल चिंधी, टोकाला रेल्वेचा एक गलेलठ्ठ नट. नट पाण्याला लागला की डुबुक. मग दोर चिमटीत धरून वर ओढायचा आणि गाठी मोजायच्या. पाच वर्षं, एकही अमावास्या चुकली नाही. कोविडात पोलिसांची शिट्टी वाजत असताना तुम्ही नाकाला उपरणं बांधून विहिरीवर उभे होता.

मग आढाव्याचं वर्ष आलं. देवव्रत नुकताच अध्यक्ष झाला होता. अडतीस वर्षांचा, कंपनीत मॅनेजर, घरात दोन गाड्या आणि दारात जागा एकीची. मुलगा वाईट नाही, घाईचा आहे. त्यानं संगणकावर तक्ता केला : प्रत्येक कामापुढे एक गोल. जमलं तर हिरवा, अर्धं जमलं तर पिवळा, फसलं तर लाल. "काकू, तुम्ही आणि बोराडेकाका बसा. आठवड्यात होईल."

आठवड्यात! नऊ दिवस तर तुम्ही नुसती झाडं मोजलीत.

मी म्हटलं, यादी आहे, दोनशे नावं आहेत, कुणी लावलं तेही लिहिलंय. तुम्ही चप्पल घालून दारात उभे. "चला, बघू." एप्रिलचं ऊन. एकच झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मोजलेल्या प्रत्येक झाडाला तुम्ही सुतळी बांधत होता. एकतीस नंबरची तेजस्विनी स्कूटर थांबवून विचारते, "आजी, कसलं व्रत आहे? मला पण सांगा ना." मी तिला काय सांगणार?

एकसष्ट झाडं जगली होती. आणि तुम्ही लिहिलंत, "नऊ अर्धवट."

"अर्धवट म्हणजे काय, रंगनाथराव? झाड एक तर जगतं नाही तर मरतं."

"तसं कुठं आसतं? स्टेशनात निम्मे साहेब अर्धवटच व्हते. पगार घेतच व्हते की."

"मला एक आकडा द्या. एकसष्ट का सत्तर?"

"एकसष्ट. आन् नऊ अर्धवट."

देवव्रतच्या तक्त्यात अर्धवट झाडाला रकाना नव्हता. उरलेल्या एकशे तीस नावांपुढे तुम्ही लिहिलंत, "कागदावर आहे, जागेवर नाही." एकशे तीस वेळा. मी म्हटलं, एकदा लिहा आणि खाली खुणा करा. नाही. प्रत्येक झाडाला स्वतंत्र ओळ. सव्वातीन पानं. मी शेजारी बसून वारा घेत होते आणि मनात तुमच्या स्टेशनमास्तरची कीव करत होते.

खतखड्ड्यांचं त्याहून बरं नव्हतं. तुम्ही कोपरापर्यंत हात घालून मूठभर बाहेर काढत होता आणि नाकाला लावत होता. दोन खड्ड्यांत खत, चारांत उकिरडा. चारांतला एक माझ्या दारातला. शेरा काय लिहिलात? "गोदाताईंचा खड्डा. उकिरडा. नारळाच्या शेंड्या टाकतात." आणि तो कमिटीत मोठ्यानं वाचलात. मी सचिव असताना.

"एवढं वाचायची काय गरज होती?"

"लिवलंय तर वाचाया नको?"

विहिरीच्या कामाला मी तुम्हाला वेळच दिला नाही. मला घाई झाली होती. तुमची वही घरी आणली आणि म्हटलं, हे मीच उतरवते. लांबोडकं रजिस्टर, तीन रकाने : तिथी, मोज, शेरा. पहिले दोन स्वच्छ. तिसऱ्यात पारवे. "पारवे उडाले, डुबुक नीट ऐकू आलं नाही, परत टाकला." "नट बदलला." "सगुणेला ताप." दोन पानं वाचून माझं डोकं उठलं. देवव्रतच्या तक्त्याला तिथी आणि मोज एवढंच हवं होतं, तेवढं मी उतरवलं.

चैत्र अमावास्या, एकोणीस साल : पाणी चौतीस फुटांवर. चैत्र अमावास्या, चोवीस साल : पस्तीस फुटांवर. पाच वर्षं पाणी जिरवलं आणि विहीर एक फूट खाली गेली. मी बेरजा-वजाबाक्या दोनदा तपासल्या. मग चहा केला आणि तो तसाच ठेवला.

त्या रविवारी सभागृहात तीसेक माणसं होती. विहिरीपुढे लाल गोल. देवव्रतनं पुढचं चित्र दाखवलं : विहीर राडारोड्यानं भरून वर स्लॅब, स्लॅबवर अकरा गाड्या. लोक पुढे सरकून बघायला लागले, आपली गाडी कुठली ते.

"कलम तुमचंच आहे, काकू," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

मी तुमच्याकडे वळले. सगळ्या खोलीत ती विहीर हवी असलेली दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकाच्या हातात वही होती. "रंगनाथराव, बोला की."

तुम्ही टोपी काढून उभे राहिलात. "मोजलं तेवढं सांगतो. चौतीस व्हतं, पस्तीस झालं." आणि बसलात.

पुढच्या रविवारी ठराव पक्का करायचं ठरलं. परतताना मी तुम्हाला रस्त्यात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एक वाक्य मात्र लिहिते, कारण त्याची मला लाज वाटते. "एक फूट इकडचं तिकडे सांगितलं असतंत तर विहीर बाटली असती का?" तुम्ही म्हणालात, "खोडायचं नाय, ताई," आणि बारा नंबरचं फाटक लावून घेतलंत.

मंगळवारी सगुणाबाई माझ्या दारात. "काय बोलल्या तुमी त्यांला? दोन दिस जेवले नायत. नुसतं त्या हिरीकडं बघत बसत्यात. मोजून मोजून मोठी केलेली पोर हाय का ती? पर त्यांला तसंच वाटतं, त्याला मी काय करू?"

म्हणून बुधवारी सकाळी आले. माफी मागायला नव्हे, तेवढी मी मोठी नाही. भांडण पुढे न्यायला आले. तुम्ही विहिरीपाशी उभे होता. मी भांडणाच्या नादात, जुन्या सवयीनं कठड्यावर बसायला गेले आणि घसरले. पुन्हा गेले, पुन्हा घसरले. तुम्ही हात दिलात तेव्हा कुठं टेकले, आणि पाय लोंबकळायला लागले. ज्या वर्षी योजना केली त्या वर्षी याच कठड्यावर बसून, तळपाय जमिनीला टेकवून, मी मटार सोलले होते.

"हा कठडा केव्हा वाढला हो?"

"तुमीच वाढवला की."

मीच वाढवला होता. एकवीस साली कुणाचा तरी नातू चेंडूसाठी अर्धा आत वाकला, आणि मी सभेत असा गहजब केला की पंधरा दिवसांत जुन्या दगडावर सिमेंटच्या विटांचे थर चढले. ठरावावर सही माझी.

"किती वाढवला?"

"अडीच फूट. लिवलंय मी." तुम्ही वही उघडलीत. त्या सालची दिवाळीची अमावास्या, तिसरा रकाना : "कठडा नवा, अडीच फूट. आजपासून मोज वरून." आणि पुढच्या प्रत्येक अमावास्येला, पारव्यांच्या आणि तापाच्या शेजारी, बारीक अक्षरात : "कठडा नवा."

रंगनाथराव, पाटबंधारे खात्यात मी तेहेतीस वर्षं नकाशे गिरवले. पहिल्या आठवड्यात आमच्या हेडड्राफ्ट्समननं एकच गोष्ट डोक्यात घातली होती : उंची दिसली की आधी विचार, कुठून मोजली? धरणांच्या उंच्या गिरवल्या मी. आणि दारातल्या विहिरीला तेवढं विचारायचं राहिलं, कारण पारव्यांचा कंटाळा आला. पस्तीसातून अडीच गेले. साडेबत्तीस. पाणी दीड फूट वर आलं होतं.

"अहो, मग सभेत तोंडात काय धरलं होतं?"

"आकडा इचारला, आकडा सांगितला. शेरा कुणी इचारला?"

"पण लाल गोल दिसत होता ना समोर!"

"तक्ता तुमचा व्हता. तुमी शिकलेल्या. म्हणलं वजाबाकी तुमी पुढं कुठंतरी केली आसंल." मग वही मिटून, "आन् मला वाटलं, मलाच येत नाय."

यावर काय ओरडणार? तरी मी ओरडलेच.

दुसऱ्या रविवारी उभी राहून सांगितलं की चूक माझी, रकाना मी गाळला. देवव्रत हसला. "काकू, गेल्या रविवारी एक आकडा, या रविवारी दुसरा. पुढच्या रविवारी तिसरा येईल?" लोकही हसले. मला राग आला, पण ठेकेदारांना मीही असंच विचारत असे.

तुम्ही उठलात. "चला," म्हणालात, झाडांच्या वेळी म्हणाला होता तसंच.

सगळी सभा विहिरीवर. जुना दगड जिथे संपतो आणि विटा सुरू होतात ती रेघ आतून दिसते, पण तिथवर हात पोचवायचा तर कमरेपासून वाकायला लागतं. तुमचं वय शहात्तर. सगुणाबाईंनी मागून तुमचा सदरा दोन्ही मुठींत धरला.

"आवो, पडाल! ह्या बाईच्या नादाला लागून जीव द्याल एक दिवस."

"गप. डुबुक ऐकू दे."

तीस माणसं गप्प झाली. एवढी शांतता कॉलनीत श्रद्धांजलीलाही नसते. डुबुक. तुम्ही दगडाच्या रेघेला दोर चिमटीत धरलात आणि वर ओढून देवव्रतच्या हातात दिलात. "मोज तूच." तो मोजायला लागला, मी मागून पुटपुटत होते. बत्तीस गाठी, वर थोडं. वरचं तुम्ही पट्टीनं मोजलंत.

"सात इंच."

"सहा म्हणा हो," मी म्हटलं, "अडीच वजा जाऊन नेमकं बसतं."

"सात. अमुशेपासून एक इंच उतरलं. ऊन किती हाय!"

मी कपाळावर हात मारला. पण देवव्रतनं दोर परत देताना तुमच्याकडे वेगळं पाहिलं. मला वाटतं, त्या एका इंचानं काम केलं. साडेबत्तीस आलं असतं तर आम्ही दोघं घरून ठरवून आलो असंच त्याला वाटलं असतं. लाल गोल काढला. हिरवा दिला नाही, पिवळा दिला, आणि अट घातली : जुन्या दगडावर एक पक्की खूण करा, पुढच्या चैत्र अमावास्येला त्या खुणेपासून मोजा, मग बघू. अकरा गाड्यांची माणसं तोंड पाडून घरी गेली.

सुधारलेली योजना मी जूनमध्ये छापायला दिली. दोनशेच्या जागी शंभर झाडं, प्रत्येकापुढे घर नंबर. माझ्या खड्ड्यात नारळाच्या शेंड्या बंद. आणि विहिरीखाली वाक्य : "पाण्याची मोजणी जुन्या दगडावर रंगवलेल्या खुणेपासून केली जाते." तुम्ही कच्ची प्रत वाचलीत, त्या ओळीवर बोट ठेवलंत.

"खूण कुठं हाय?"

"होईल ना आता. पुस्तक काय रोज छापायचं?"

"मंग आत्ता लिवायचं नाय."

मी तशीच छापली. मग पाऊस आला. ओल्या दगडाला रंग धरत नाय, म्हणालात. दसऱ्यानंतर करू. ठीक. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बिटको चौकात जाऊन ऑइलपेंटचा डबा आणला आणि तुमच्या ओट्यावर आपटला. झाकण उघडून बघितलंत.

"लाल?"

"मग काय गुलाबी? लाल लांबून दिसतो."

"लाल म्हंजे धोका. पाण्याच्या खुणंला लाल लावत नाय. आमच्या टाकीला पिवळी पट्टी व्हती. पिवळा आणा."

"विहिरीत कुठली गाडी येणार आहे लाल बघून थांबायला?"

"पिवळा आणा, ताई. लगेच करतो. कुंचा भिजत घालून ठेवतो."

मी म्हटलं, बरं, बदलून आणते उद्या. दुकानदार आठ दिवसांत बदलून देतो म्हणाला होता. उद्या गेले नाही. परवा भिशी होती. तेरवा गुडघा दुखत होता, थोडासा, रिक्षानं जाता आलं असतं. खरं सांगायचं तर एका पिवळ्या रंगासाठी चौकात दुसऱ्यांदा जायचा मला राग होता, आणि तुम्हाला जरा वाट बघायला लावावी असंही वाटत होतं. चौथ्या दिवशी, कोजागिरीच्या दुसऱ्या सकाळी, सगुणाबाईंची हाक आली. कुंचा तुमच्या ओट्यावर घासलेटच्या वाटीत होता.

तेराव्यानंतर त्यांनी दोर आणि वही माझ्याकडे आणून दिली. "घ्या तुमचं. घरात ठिवलं का मला दिसतं." तेव्हापासूनच्या अमावास्या मी मोजते, नव्या कठड्यावरून, आणि तिसऱ्या रकान्यात "कठडा नवा" लिहायला विसरत नाही. दोनदा पारवेही लिहिले. डुबुक खरंच ऐकू येत नाही हो.

आता चैत्राची मोजणी. पाणी चांगलं आहे, ते मला दोरावरून कळतंय. पण अट खुणेची आहे, आणि खूण नाही. देवव्रत म्हणाला, "काकू, संतोष पेंटरला पाठवतो, अर्ध्या तासाचं काम. डबा आहे ना तुमच्याकडे? लाल तर लाल." मी म्हटलं, थांब जरा. का थांब, ते त्याला सांगता आलं नाही.

योजनेची छापील प्रत समोर आहे, पान सात. जुन्या दगडावर रंगवलेल्या खुणेपासून, केली जाते. तुम्ही याच्यापुढे काय लिहिलं असतं ते मला एकशे तीस वेळा पाठ आहे. लाल डबा गॅलरीत आहे, तुळशीच्या मागे, पावती झाकणाला चिकटवलेली. बदलून आणायचा राहिला.